सातवा आणि आठवा प्रवेश गाळू नका
मराठवाड्यातल्या नाट्यसंस्थांना खुले पत्र

मराठवाड्यातल्या दिग्दर्शक, नट आणि नेपथ्यकार मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

मी रंगकर्मी नाही. दौलताबादच्या आसपासच्या शाळांमध्ये सत्तावीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. दरवर्षी सहावी-सातवीची पोरं घेऊन किल्ला चढायचे आणि स्पर्धेच्या दिवसांत शहरात येऊन जमतील तेवढी नाटकं बघायचे. या दोन सवयींमुळेच आज हे पत्र लिहायला बसले आहे.

विषय गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक'चा आहे, म्हणजे चौदाव्या शतकात दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या सुलतान मुहम्मद तुघलकावरच्या नाटकाचा. तुमच्यापैकी काहींनी हे नाटक केलंय, काहींच्या मनात ते कित्येक वर्षं घोळतंय. मूळ नाटक कानडी, १९६४ सालचं. ते लिहिलं तेव्हा कार्नाड पंचविशीत होते. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं आणि १९७१ मध्ये मुंबईत 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू झाली तेव्हा अरविंद देशपांड्यांनी पहिलं नाटक निवडलं ते हेच. म्हणजे मराठी रंगभूमीला ते परकं राहिलेलं नाही. पण आपला, मराठवाड्याचा, या नाटकाशी याहून जवळचा संबंध आहे. त्याच्या उत्तरार्धाचा बहुतेक भाग आपल्या किल्ल्यात आणि किल्ल्याभोवतीच्या माळावर घडतो. हे नाटक दुसरीकडे कुठेही झालं तर प्रेक्षकाला दौलताबाद मनानं उभं करावं लागतं. आपल्या प्रेक्षकाला ते लागत नाही. तो शाळेच्या सहलीत अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारातून, मित्राचा सदरा धरून वर गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी या नाटकाचा एक प्रयोग पाहिला. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मंडळी मेहनती होती आणि सुलतानाचं काम करणारा मुलगा तर फारच गुणी. वेळेत बसवायचं म्हणून तेरा प्रवेशांतले काही गाळले होते. गाळले ते नेमके सातवा आणि आठवा. दिल्लीहून निघालेल्या लोकांच्या वाटेवरच्या मुक्कामाचा प्रवेश गेला आणि दौलताबादच्या तटावरच्या दोन पहारेकऱ्यांचाही गेला. सुलतान दिल्लीत हुकूम देतो, अंधार होतो, उजेड येतो तेव्हा तो दौलताबादेत असतो. मधली वाट नाही, चालणारी माणसं नाहीत. वर सुलतानाला पोशाख आणि लकबी अशा दिल्या होत्या की प्रेक्षकांनी लगेच आजच्या एका पुढाऱ्याला ओळखलं आणि टाळ्या-हशा सुरू झाला. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. नंतर दोन-तीन तरुण दिग्दर्शकांशी बोलले, तर तेही म्हणाले, "बाई, कापायचंच झालं तर तेच प्रवेश कापले जातात. तिथं सुलतानाचं काम कमी आहे ना."

सुलतानाचं काम तिथं कमी आहे म्हणूनच ते प्रवेश राहिले पाहिजेत, एवढंच मला सांगायचंय. पण ते का, हे जरा सविस्तर सांगू द्या.

सातवा प्रवेश दिल्ली-दौलताबाद वाटेवरचा. अजीज नावाचा धोबी ब्राह्मणाच्या वेषात सरकारी अधिकारी होऊन बसलाय. पहिल्याच प्रवेशात त्याने याच वेषात सुलतानाविरुद्ध दावा जिंकून पाचशे दिनार आणि नोकरी मिळवलेली असते. सुलतानाच्या न्यायप्रियतेचा पहिला फायदा एका ठगाला होतो, ही कार्नाडांची मांडणी फार मोठी आहे. तर मुक्कामावर एक बाई येते. मांडीवर आजारी मूल. तिला वाट सोडून वैद्याकडे जायचंय, परवानगी हवी. अजीज पैसे मागतो. तिच्याकडे द्यायला पैसे नाहीत. त्याचा जोडीदार आजम कळवळतो, म्हणतो, जाऊ दे तिला. अजीज सोडत नाही. प्रवेश मोठा नाही. पण पहिल्या प्रवेशात जाहीर झालेल्या भव्य योजनेचा हिशोब त्या मांडीवरच्या मुलापाशी येऊन थांबतो. तो प्रवेश काढलात तर प्रेक्षकाला सुलतानाचा निर्णय कळतो, तो कुणाच्या अंगावरून गेला हे कळत नाही.

एकदा पोरांना घेऊन किल्ल्यावर गेले होते. पायथ्याशी तटाच्या आत हत्ती हौद आहे, तुम्हाला माहीत आहे. उन्हाळा तोंडावर होता, हौद कोरडा पडला होता. मी नेहमीप्रमाणे १३२७ ची गोष्ट सांगत होते, दिल्लीचा दरबार कसा इथं आला वगैरे. सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, ती लोकं चालत आली ना? मग त्यांच्या चपला किती वेळा तुटल्या असतील?" मला उत्तर आलं नाही. वर्गातली बाकीची पोरं हसली, पण ती हसली नाही. तिच्या घरची माणसं दर वर्षी ऊसतोडीला जायची आणि ती स्वतः दोन हंगाम तिकडे राहून आली होती. हजार किलोमीटरहून लांबची वाट म्हणजे काय असतं ते त्या वर्गात फक्त तिलाच ठाऊक होतं. त्यानंतर मी सातवा प्रवेश वर्गात वाचून दाखवायला लागले.

आता आठवा प्रवेश. पाच वर्षं लोटली आहेत. रात्रीची वेळ, दौलताबादचा तट, दोन पहारेकरी, एक म्हातारा आणि एक पोरगेला. म्हातारा दिल्लीहून चालत आलेला, वाटेत घरची माणसं गमावलेला. पोरगा नवा, किल्ल्याकडे डोळे मोठे करून बघणारा. म्हातारा त्याला किल्ल्याच्या पोटातल्या लांब अंधाऱ्या भुयाराबद्दल सांगतो, वेटोळं घालून बसलेल्या पोकळ अजगरासारखं भुयार. कार्नाडांनी हे कानडीत लिहिलं, पण ते भुयार आपण रोज बघतो. मार्गदर्शक पलिता पेटवून पुढे होतो, वटवाघळांचा वास नाकात जातो, पायऱ्या अचानक वळतात आणि एका ठिकाणी तो पलिता खाली धरून दाखवतो की इथं पाय चुकला तर माणूस थेट खंदकात. दगडावरून हात फिरवला की ओलसर, गुळगुळीत लागतं, शेकडो वर्षांच्या हातांनी घासलेलं. तुमच्या नेपथ्यकाराला एकदा तिथं न्या. रंगवलेला बुरूज उभा करण्यात वेळ आणि पैसा घालवण्याआधी त्याला त्या वळणावर पाच मिनिटं दिवा विझवून उभा करा.

मग तटावर सुलतान येतो. त्याला झोप नाही. तो त्या पोरग्या पहारेकऱ्याशी बोलतो आणि त्या वयातल्या स्वतःबद्दल सांगू लागतो. पूर्ण नाटकात सुलतान एका अनोळखी, साध्या माणसाशी जवळिकीनं बोलतो तो हाच प्रसंग. समोर वझीर नाही, इतिहासकार बर्नी अजून आलेला नाही, सावत्र आई नाही. हा प्रसंग नसेल तर शेवटच्या प्रवेशातला सुलतान नुसता क्रूर उरतो, आणि आरंभीचा नुसता बोलघेवडा.

'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. वर्तमानपत्रात, चहाच्या टपरीवर, ग्रामसभेत. मीही करत आले. वेडगळ हुकूम दिसला की 'तुघलकी' म्हणून मोकळं व्हायचं. कार्नाडांचं नाटक या शब्दाला आतून धक्का देतं. त्यांचा मुहम्मद वेडा नाही. तो बुद्धिबळातला अवघड डाव सोडवतो, फारसी कवी सादीच्या कवितेवर प्रेम करतो, गुलाबाच्या बागेचं स्वप्न बघतो, हिंदू-मुसलमानांना एका न्यायासमोर उभं करू पाहतो. दिल्ली सरहद्दीला जवळ पडते आणि दौलताबाद हे हिंदूंचं शहर आहे, तिथं राजधानी नेली तर दोन समाज जवळ येतील, असं तो स्वतः सांगतो. त्यात खोटेपणा नाही. पुढे तो तांब्याची नाणी चलनात आणतो आणि त्याच बागेत बनावट नाण्यांचे ढीग लागतात, प्रार्थनेच्या वेळी त्याच्यावर घाला पडतो आणि तो राज्यात प्रार्थनाच बंद करतो. असा माणूस घसरत जातो तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडायला हवा. त्याला पहिल्या प्रवेशापासून विदूषक केलं की घसरायला उंचीच उरत नाही.

पुढाऱ्याची नक्कल करू नका, ही विनंती मी याच कारणासाठी करते. नाटक आलं तेव्हा लोकांना त्यात नेहरूंच्या काळाचा उतार दिसला, आणि कार्नाड स्वतःही त्या साम्याबद्दल बोलले. पण त्यांनी सुलतानाला नेहरूंचा कोट घातला नाही. तुलना प्रेक्षकाच्या मनात आपोआप उगवली आणि म्हणून ती साठ वर्षं टिकली. त्या त्या दशकात माणसं त्यात आपापला राज्यकर्ता बघत आली. तुम्ही एकाचा चेहरा चिकटवलात तर पुढच्या निवडणुकीनंतर तुमचा प्रयोग शिळा होईल. शिवाय प्रेक्षक हसून मोकळा होतो आणि घरी जातो. अजीज तर त्याच्या लक्षातही राहत नाही. शेवटी पकडला गेलेला अजीज सुलतानालाच सांगतो की मी तुमचा सगळ्यात निष्ठावान शिष्य, तुमच्या प्रत्येक योजनेत मी माझं पोट भरलं. आणि सुलतान त्याला मारत नाही, हुद्दा देतो. त्या क्षणी सभागृह शांत व्हायला हवं.

अजीज-आजमचे प्रवेश तुम्ही विनोदी म्हणून उरकता, तेही थोडं थांबून बघा. कार्नाडांनी लहानपणी शिरसीत नाटक मंडळ्यांचे खेळ पाहिले होते. मागे राजवाड्याचा खोल देखावा, आणि तो बदलेपर्यंत पुढे रस्त्याचा पडदा टाकून हलकेफुलके प्रवेश, ही रचना त्यांनी तिथून घेतली. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनाही ती ओळखीची. पण लिहिता लिहिता पुढच्या पडद्यावरची माणसं मागच्या राजवाड्यात घुसली. धोबी खलिफाच्या वंशजाचा वेष घेऊन थेट सुलतानापर्यंत पोचतो. ही गंमत नटांना समजावून सांगा. रंगमंचावर अजीज हळूहळू पुढच्या पडद्याकडून मागे सरकताना दिसू द्या.

थोडं इतिहासाबद्दल, कारण तालमीत हा प्रश्न निघतोच. बर्नी लिहितो की दिल्लीत कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता एका आंधळ्याची गोष्ट सांगतो: त्याला फरफटत आणलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला. पण बतूता दिल्लीला आला १३३४ साली, म्हणजे त्याने हे ऐकून लिहिलं. १३२७ आणि १३२८ चे दिल्लीचे संस्कृत शिलालेख सापडलेत. त्यांवरून तिथं माणसं नांदत होती हे दिसतं. इतिहासकार म्हणतात की सगळी दिल्ली हलली नाही. हलले ते दरबारी, उलेमा म्हणजे धर्मपंडित, सूफी आणि त्यांची बिऱ्हाडं. तेही हजारोंनी असणार. त्यांतले किती इथंच राहिले याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. खुलताबादला सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे, कवी अमीर हसन सिज्जी तिथंच दफन आहेत. इसामी नावाचा कवी याच वाटेनं आला; त्याचे वृद्ध आजोबा वाटेत गेले. पुढे बहामनी राजाच्या आश्रयानं त्याने आपला इतिहास पद्यात लिहिला आणि त्यात मुहम्मदवर जितका राग काढता येईल तितका काढला. तालमीत म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं काम करणाऱ्याला इसामीच्या आजोबांची गोष्ट सांगा. बीड जिल्ह्यात आजही एक जागा दाखवतात: इथं सुलतानाचा दात पडला आणि त्याने त्यावर घुमट बांधला. नंतरचा इतिहासकार फरिश्ताही ती हकीकत देतो. दातदुखीनं हैराण झालेला, आपल्याच मातीतून घोड्यावरून जाणारा माणूस म्हणून त्याच्याकडे बघा.

आणखी एक. दिल्लीकडून आलेल्या त्या बिऱ्हाडांची बोली इथल्या मराठीत, कानडीत, तेलुगूत मिसळत गेली आणि दखनी घडली. आमच्याकडच्या मुसलमान घरांत आजही 'नक्को' ऐकू येतं. ते आपलं 'नको'च आहे. ज्या अमिरांना सुलतानाने इथं आणलं त्यांनीच १३४७ मध्ये दौलताबादेत बंड करून वेगळं राज्य उभं केलं आणि त्याची राजधानी पुढे गुलबर्ग्याला नेली, कानडी मुलुखात. शिरसी-धारवाडात वाढलेल्या लेखकाने दिल्लीच्या सुलतानाचं नाटक कानडीत लिहिलं आणि त्याचा अर्धा भाग मराठी मातीत घडवला, यात मला काही योगायोग वाटत नाही. ज्यांच्याकडे प्रयोगाचे हक्क आहेत त्यांची परवानगी मिळाली तर आठव्या प्रवेशातल्या दोघांना आपली भाषा द्या. म्हाताऱ्याच्या तोंडी दखनी, पोरग्याच्या तोंडी औरंगाबाद-पैठणकडची ग्रामीण मराठी. दोन वाक्यांत कळेल की एक बाहेरून आलाय आणि दुसरा इथलाच आहे.

आता मागणं. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात इब्राहिम अल्काझींनी हे नाटक दिल्लीच्या पुराना किल्ल्यात केलं, मनोहर सिंह सुलतान होते. लोक आजही त्या प्रयोगाबद्दल बोलतात. तो किल्ला मुहम्मदच्या काळाच्या सुमारे दोनशे वर्षांनंतरचा. आपल्याकडे खरा किल्ला उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी या नाटकाचा एकही प्रयोग मी पाहिलेला नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे, संध्याकाळी बंद होतो, आत रात्रीचा प्रयोग ही सोपी गोष्ट नाही हे मला कळतं. तो हट्ट नाही. गावाच्या बाजूनं मोकळी जागा आहे, तिथून बालेकिल्ला पूर्ण दिसतो. चांदमिनारही दिसतो, तो बहामनींचा, नंतरचा, एवढं प्रयोगाआधी सांगितलं की झालं. नेपथ्य काही नको. संपूर्ण प्रयोग जमणार नसेल तर फक्त सातव्या आणि आठव्या प्रवेशाचं अभिवाचन करा, तेही चालेल.

दिवाळीनंतर हवा चांगली असते, सीताफळांच्या पाट्या रस्त्याला लागलेल्या असतात, पौर्णिमेच्या आसपास दिव्यांचाही खर्च वाचेल. सतरंज्या, पाणी आणि बसायच्या जागेची परवानगी यांची जबाबदारी मी आणि माझे जुने विद्यार्थी घेतो. त्यांतला एक आता किल्ल्यावर पर्यटकांना फिरवतो. नटांना अंधारीतून नेऊन आणायला तो तयार आहे. चपलांचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता इथल्याच एका शाळेत शिकवते. सातव्या प्रवेशातली बाई वाचायला तिला विचारलंय. तिने वही मागून घेतली आहे आणि संवाद उतरवून काढते आहे.

अजीज, आजम आणि दोघे पहारेकरी तुमच्याकडून हवेत. कधी येताय ते कळवा.

तुमची,
दौलताबादच्या पायथ्याची एक निवृत्त शिक्षिका